बेळगावातला जुन्या वस्तूंचा लिलाव: 'पर्शियन' महाग, नवलगुंदचा जमखान फुकटात

गेल्या महिन्यात टिळकवाडीतल्या एका मंगल कार्यालयात जुन्या वस्तूंचा लिलाव लागला होता, बंदुका तलवारी गालिचे चिनी मातीची भांडी घड्याळं असलं सगळं, साधारण 180 लॉट. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रार आहे आणि मला कुणाशी भांडण नको. आधीच सांगतो, मी काही कलेक्टर नाही, आजोबांच्या वाड्यातल्या वस्तू भंगारात जाताना बघितल्यामुळे हे वेड लागलंय एवढंच.

आदल्या दिवशी माल बघायला ठेवतात. माझ्या मते लिलावातला हाच दिवस खरा, दुसऱ्या दिवशी नुसती हाणामारी. मी मेव्हण्याला घेऊन सकाळी अकराला गेलो, माणसं अगदी कमी, हात लावायला देतात, टॉर्च मारून बघायला देतात, कोण ओरडत नाही. याला पैकीच्या पैकी मार्क. डीलरचं लायसन्स पण भिंतीवर फ्रेम करून लावलेलं होतं. 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरच्या पुराणवस्तूंचा धंदा करायला लायसन्स लागतं आणि तसली वस्तू आपल्याला देशाबाहेर नेता येत नाही, दुबईच्या भाच्याला गिफ्ट द्यायचा विचार असेल तर सोडा.

आता कॅटलॉग. हसावं का रडावं कळेना. एक ठासणीची बंदूक, खाली लिहिलंय 'टिपू सुलतानच्या काळातील'. उचलून बघितली तर गारेने ठिणगी पाडणारी चकमक नाहीच, स्फोटक दारूची छोटी टोपी बसवून उडवायचा निपल आहे. टिपू गेला 1799 मध्ये, आणि टोपीच्या बंदुकीचं मूळ ज्यात आहे ते फोरसाइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याचं पेटंट 1807 चं. मग टिपूच्या हातात ही आली कुठून? कधी कधी जुन्या चकमकीच्या बंदुकीला नंतर टोपीचा घोडा बसवलेला असतो, पण मग घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसतो तिच्यावर जुन्या स्क्रूची भोकं बुजवल्याच्या खुणा दिसतात, इथं पट्टी एकदम स्वच्छ. तिथल्या पोराला विचारलं तर म्हणाला, "काय बघूलास अण्णा एवढं, डेकोरेशनची आहे, उडत नाही."

उडत नाही म्हणून चालत नाही ओ! शस्त्र कायद्यात जुन्या नमुन्याच्या हत्याराला सूट आहे ती ते दुरुस्त करूनसुद्धा उडणार नसेल तरच. नुसतं गंजलंय म्हणजे निकामी झालं असं नाही. कोडगूतल्या, म्हणजे कुर्गमधल्या, कोडव लोकांच्या घरात बंदुका बघून आपल्याकडच्या बऱ्याच जणांना वाटतं की कर्नाटकात चालतंय, पण ती सूट खास त्यांना आहे, आपल्याला नाही. मी कागद मागितला, निकामी केल्याचं काही सर्टिफिकेट? "बिल देतो की" म्हणाले. बिल घेऊन मी स्टेशनला जाऊन काय सांगू. तो लॉट मी सोडला, मागे बसलेल्या एका पार्टीने 58 हजारला उचलला, त्यांचं त्यांना लखलाभ.

तलवारींचं जास्त बोलत नाही. सात होत्या, त्यातल्या पाच पात्यांवर एकाच हाताने कोरलेली 'श्री' होती, अक्षराचं वळणसुद्धा तेच. एक फिरंग मात्र बरी वाटली, पातं परदेशी, मूठ इकडची, वजन हातात छान बसत होतं, पण माझं बजेट नाही.

चिनी मातीत एक सहा प्लेटांचा सेट होता, 'संस्थानी, 150 वर्षे जुना'. उलटी करून बघा ओ कधीतरी! मागे इंग्रजीत शिक्का, मेड इन ऑक्युपाइड जपान. म्हणजे जपान अमेरिकेच्या ताब्यात होता तेव्हाचा, 1945 ते 1952. छान नाजूक सोनेरी काठ आहे, पण माझ्या आईचं लग्न झालं तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांचा असेल तो सेट. मी मॅनेजरला शिक्का दाखवला, ते म्हणाले बघतो, आणि दुसऱ्या दिवशी तेच वाचून दाखवलं, 'संस्थानी, 150 वर्षे'. गेला की साडेनऊ हजारला.

गालिच्यांचं तर सगळंच पर्शियन! ज्याला लाल रंग आहे तो पर्शियन. एकाची झालर बघितली तर शिलाई मशीनने वरून जोडलेली. हाताने गाठी मारलेल्या गालिच्यात झालर म्हणजे आतल्याच ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं असतात, ती वेगळी शिवायची नसते. मागची बाजू उलटली तर गाठींच्या जागी नुसता पांढरा डिंक फासलेला कपडा. अरे, निदान येरवडा जेलचा म्हणा, तिथल्या कैद्यांनी विणलेले गालिचे एकेकाळी फार नावाजलेले, तेवढं तरी पटलं असतं.

आणि ह्याच ढिगाच्या खाली, घडी करून, दोरीने बांधून, लॉट 143, 'जुनी सतरंजी, वापरलेली'. सोडवून पसरली तर नवलगुंदचा जमखान! सुती, जाड, मधे सोंगट्यांचा पट, कडेला मोर, लाल पिवळा हिरवा, एका कोपऱ्यात थोडा उंदराने खाल्लेला. धारवाड जिल्ह्यातलं नवलगुंद, इथून काही लांब नाही, तिथल्या मुस्लिम बायका उभ्या मागावर हे विणतात आणि ह्याला जीआय टॅगसुद्धा, म्हणजे त्या गावाची खास वस्तू म्हणून सरकारी नोंद, मिळालाय. लग्नात, भजनात लहानपणी ह्यावरच बसलोय आम्ही. मेव्हणा म्हणाला, गप्प बस, चेहऱ्यावर दाखवू नको. मी परत घडी घातली, दोरी तशीच बांधली. इराणचं ते अँटिक आणि शेजारच्या जिल्ह्यातलं ते वापरलेलं, असा ह्यांचा हिशोब आहे, आणि खरं सांगू, त्याचा फायदा मलाच झाला.

लिलावाचा दिवस म्हणजे जत्रा. 5 हजार डिपॉझिट आणि आधार दिलं की नंबरची पाटी मिळते. बोली लावणारा माणूस जबरदस्त, आधी मराठीत भाव, मग हिंदीत, आणि शेवटी कन्नडमध्ये "ओंदु सल, एरडु सल" (एकवार, दोनवार) करत हातोडा. लॉट 143 येईपर्यंत जेवणाची वेळ झालेली, अर्धा हॉल बाहेर बिर्याणीला. एक मावशी माझ्याविरुद्ध 3 हजारपर्यंत आल्या, मग थांबल्या, 3,200 ला मला मिळाला. वर कमिशन 15 टक्के म्हणजे 480, त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी 86 रुपये, एकूण 3,766. बोली लावताना हे वरचं डोक्यात धरूनच पाटी वर करा, बऱ्याच जणांची काउंटरवर तोंडं बघण्यासारखी झालेली.

आता तक्रार. जमखान मिळाल्याच्या खुशीत मी दोन लोणच्याच्या बरण्या घेतल्या, खाली पांढऱ्या वर चॉकलेटी, 1,800 ला जोडी. आदल्या दिवशी वाजवून बघायचं राहिलं होतं. चांगली बरणी बोटाने टिचकी मारली की टण् वाजते, तडा असेल तर आवाज बसका येतो, हे मला आईनेच शिकवलंय. एकीला केसासारखा तडा निघाला, लोणचं घातल्यावर चार दिवसांत तेल बाहेर झिरपून फडताळाची फळी चिकट झाली. फोन केला तर 'जसे आहे जेथे आहे' ह्या तत्त्वावर विक्री, पावतीच्या मागे बघा. बघितलं, खरंच आहे, मुंगीच्या अक्षरात. नियमाने ते बरोबर असतील, पण कॅटलॉगात 'उत्तम स्थितीत' छापलं होतं त्याचं काय, ह्यावर फोन कट.

पाचात तीन स्टार. माल बघायला देतात त्याचे दोन, बोलीवाल्याचा एक, कॅटलॉग लिहिणाऱ्याला शून्य. टेम्पो आणि हमाल आपले आपण बघायचे, पार्किंग नाही, चहा फुकट आणि चांगला आहे. जमखान आता हॉलमध्ये आहे, उंदराने खाल्लेला कोपरा कपाटाखाली गेलाय, आणि आई कुणालाच त्यावर चप्पल घालून येऊ देत नाही.