मे महिन्यातलं धरण : तळाचा गळ की फ्लोट?

उन्हाळ्यात उजनीसारख्या धरणाचं पाणी मागे सरकत राहतं. गेल्या आठवड्यातली जागा आज चिखलात असते. म्हणून आधी खोली मोजा, मग मासे धरायची पद्धत ठरवा : शिशाच्या वजनाने आमिष तळाशी ठेवणारा तळाचा गळ, की पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटखाली लोंबता गळ.

तळाच्या गळाला मृगळ लागतो, रोहूही येतो. १५-२० ग्रॅमचं सरकतं शिसं, पुढे वीतभर दोरी आणि शेंगदाण्याची पेंड व कणीक निम्मी-निम्मी मळून केलेला सुपारीएवढा गोळा. सैल मळलं तर फेकतानाच सुटतं. फार घट्ट झालं तर विरघळत नाही, वास पसरत नाही. भुसभुशीत गाळात शिसं रुतून आमिषही गाडलं जातं, तिथे हलकं, चपटं शिसं लावा. आणि खोल डोह टाळाच. कडक उन्हाळ्यात तिथे तळाशी प्राणवायू कमी पडतो, मासा थांबत नाही.

फ्लोट कटल्यासाठी. त्याचं तोंड वर वळलेलं, खाणं वरच्या थरातले सूक्ष्म जीव. वारा ज्या काठावर आदळतो तिथे ते जमतात, तोच काठ धरा. गळ फ्लोटखाली एक मीटरवर ठेवा. वीस मिनिटांत हालचाल नसेल तर अर्धा मीटर खाली सोडा. कटला आमिष चोखतो, त्यामुळे फ्लोट बुडत नाही, नुसता थरथरतो किंवा किंचित वर उचलला जातो. बुडायची वाट पाहिली की मासा गेला. दुपारचा वारा मात्र फ्लोट ओढत नेतो.

पहाटे उथळ काठाला तळाचा गळ ठीक. मेअखेरच्या उकाड्यात आमचा कौल फ्लोटला. मासेमारीचा ठेका असलेल्या सहकारी संस्थेची परवानगी आधी घ्या.