कम्युनिटी कॉलेजचा शॉर्ट कोर्स की बूटकॅम्प?

न्यू जर्सीत एच-४वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी नोकरी व्हिसासोबत मिळणाऱ्या व्हिसावर आले, ईएडी म्हणजे नोकरी करायचा परवाना हातात पडला आणि घरात एकच विषय, आता काय शिकायचं? बूटकॅम्पवाल्यांचे फोन तर रोजचेच, तीन-चार महिने कोडिंग, फी सहज दहा हजार डॉलरच्या वर, आणि काही जण म्हणतात आत्ता पैसे नकोत, नोकरी लागली की पगारातून कापून घेऊ. ऐकायला भारी वाटतं पण त्या कराराची बारीक अक्षरं नीट वाचा बाई!

मी शेवटी काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) सरकारी कम्युनिटी कॉलेजात आयटी सपोर्टचा कोर्स घेतला. आपण त्याच काउंटीत राहत असलो की फी कमी लागते, फक्त पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. पेल ग्रँट, म्हणजे शिक्षणासाठीची सरकारी मदत, मात्र एच-४ला नाही मिळत, ग्रीन कार्ड असेल तर बघा. तयारी कॉम्पटिया ए प्लसची, म्हणजे आयटी सपोर्टच्या सर्टिफिकेट परीक्षेची, पेपर दोन, पासिंग ९०० पैकी ६७५ आणि ७००, सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं.

पहिल्याच आठवड्यात नेटवर्कची केबल क्रिम्प करायला, म्हणजे वायरी प्लगमध्ये दाबून बसवायला दिली, आठ बारीक वायरी, पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, मग हिरवी नाही हं, निळी! माझ्या तीन केबली वाया गेल्या.

बूटकॅम्पमध्ये हे काही नसतं, तिथे लॅपटॉप आणि प्रोजेक्ट. कोडिंग आधीपासून येत असेल, दाखवायला कामाचे नमुने, म्हणजे पोर्टफोलिओच हवा असेल तर ठीक आहे. पण नोकरीत पाच-सहा वर्षांची गॅप असेल, पोरं शाळेत सोडून यायचं असेल तर मी तरी कॉलेजच म्हणेन, संध्याकाळची बॅचही मिळते.