मागची सीट कागदावर नव्हतीच

गेल्या आठवड्यात पाथरीकडचा एक ओळखीचा शेतकरी दुकानात आला. मोबाइलवर गाडीचा फोटो दाखवून म्हणाला, "भाऊ, तुमच्यावाणीच डबल केबिन बघायलोय. साडेपाचात देतो म्हणतोय. घेऊ का?" डबल केबिन म्हणजे पुढं-मागं दोन रांगांत माणसं बसतील आणि पाठीमागं मालाचा हौदा असेल अशी पिकअप. फोटो बघून माझ्या पोटात गोळा आला. गाडी वेगळी, रंग वेगळा, पण मागच्या दरवाजाची ती ठेवण मी लगेच ओळखली. माझ्या गाडीचं प्रकरण ग्राहक आयोगात आहे म्हणून गप्प बसायचं ठरवलं होतं. त्या फोटोनंतर गप्प बसवेना.

माझं मानवतला ठिबक, पाइप आणि सबमर्सिबल मोटारींचं दुकान आहे. शेतकऱ्याच्या बोअरमधून मोटार काढायची, दुकानात आणायची, वाइंडिंग झालं की परत नेऊन सोडायची, हा रोजचा धंदा. सोबत दोन पोरं लागतात, चेन-पुली लागते, केबलचं वेटोळं लागतं. इतकी वर्षं हे सगळं छोट्या हत्तीवर चाललं. पोरं मागं हौद्यात उभी राहायची, ते मला कधीच आवडलं नाही. घरी आई सत्तरीच्या पुढची, गुडघे गेलेले. दोन लेकरं. कुठं जायचं तर एसटी नाहीतर कुणाची तरी गाडी मागायची. म्हणून डोक्यात बसलं की एकच गाडी घ्यावी, आठवडाभर माल आणि माणसं वाहील आणि सणावाराला घरच्यांना घेऊन जाईल.

अशा गाड्या आपल्याकडं मोजक्याच आहेत. बोलेरो कॅम्पर आपल्या भागात सगळ्यांना माहीत. पाच जण बसतात, मागं टनभर माल. पण तिचं पासिंग मालवाहू म्हणून होतं, पिवळी पाटी. नवी रस्त्यावर येईपर्यंत दहा-अकरा लाखांच्या पुढं हिशेब गेला. इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स खासगी म्हणून पासिंग होतात, पांढरी पाटी मिळते, पण किंमत वीस लाखांच्या पुढंच सुरू होते आणि हायलक्स तर तीसच्या घरात. सव्वापाच मीटरपेक्षा लांब गाडी आमच्या गल्लीत वळणारही नाही. आणखी एक गोष्ट धंदेवाल्यांनी ध्यानात घ्यावी. डबल केबिन केली की हौदा आखूड होतो. पीव्हीसी पाइप वीस फुटी असतो. तो कुठल्याच डबल केबिनच्या हौद्यात मावत नाही, वर कॅरिअर करून बांधावा लागतो. मला मोटारी आणि ठिबकच्या नळीचे बंडल न्यायचे होते, त्यामुळं चालण्यासारखं होतं. नवी परवडत नव्हती, म्हणून जुनी बघायला लागलो. माझं चुकायला सुरुवात झाली ती इथून.

पाव्हण्याच्या ओळखीचा एक एजंट होता. त्यानं छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर एका यार्डात नेलं. पाच वर्षांची गाडी, एमएच-२० पासिंग, पांढरीशुभ्र, आत नवीन सीटकव्हर, मागं तीन माणसांची ऐसपैस सीट. मी इंजिन ऐकलं, क्लच बघितला, टायर बघितले, धूर बघितला. मोटारीत आयुष्य गेलेला माणूस मी, इंजिनाचा आवाज मला कळतो. इंजिन खरंच चांगलं होतं. बायको मागच्या सीटवर बसून म्हणाली, आईला चढायला सोपं आहे. तिथंच मन झुकलं.

आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, मागितली तर यार्डवाल्यानं झेरॉक्स पुढं केली. "स्मार्ट कार्ड बँकेत आहे भाऊ, कर्जाचा बोजा उतरायचा राहिलाय. बँकेची एनओसी आली की बोजा उतरवायचा फॉर्म ३५ लावू आणि तुमच्या नावावर करून देऊ. पंधरा दिवसांचं काम." झेरॉक्स फिकी होती, पण आसनक्षमतेपुढं ५ दिसत होते. फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचं प्रमाणपत्र, पुढच्या वर्षीपर्यंत होतं, विमा चालू होता. ५ लाख ४० हजारांना सौदा झाला. ५० हजार बयाणा फोनवरून, ३ लाख बँकेतून, आणि १ लाख ९० हजार रोख. सौदापावती साडेतीन लाखांचीच केली. "कागदावर कमी राहू द्या, दोघांचंही बरं," असं एजंट म्हणाला आणि मी मान हलवली. त्या १ लाख ९० हजारांचा आज माझ्याकडं एक चिठोरासुद्धा नाही.

पंधरा दिवसांचे पाच महिने झाले. फोन केला की "बँकेत साहेब रजेवर आहेत", नाहीतर "फाइल आरटीओत आहे". गाडी मात्र चालत होती. मोटारी येत-जात होत्या, पोरं आत बसून जात होती, त्यामुळं मीही फार नेट लावला नाही.

पावसाळ्यात आई एकदा म्हणाली, "बाळा, माझे पाय ओले व्हायलेत रे, खालून पाणी यायलंय." मी मॅट उचलून बघितलं नाही. वरच्या वर बीडिंगला सिलिकॉन लावलं आणि विषय सोडून दिला. आईनं पाय वर घेऊन बसायची सवय लावून घेतली. हे लिहितानाही मला ते आठवून वाईट वाटतं.

नवरात्रात तुळजापूरला निघालो. सोनपेठ, परळी करत अंबाजोगाईला योगेश्वरीचं दर्शन घेतलं आणि लातूरच्या रस्त्याला लागलो. रेणापूर फाट्याच्या अलीकडं आरटीओच्या वायुवेग, म्हणजे रस्त्यावर गाड्या तपासणाऱ्या, पथकानं गाडी बाजूला घेतली. साहेबांनी नंबर मशीनमध्ये टाकला, स्क्रीनकडं बघितलं, मग गाडीकडं, मग परत स्क्रीनकडं.

"मालक, आत किती जण?"

"पाच, साहेब. पाचाचीच गाडी आहे."

"रेकॉर्डला दोन आहेत. सिंगल केबिन पिकअप आहे ही."

मी झेरॉक्स काढून दाखवली. त्यांनी ती उन्हात धरली आणि ५ च्या आकड्यावर बोट ठेवलं. बाकीचे आकडे एका वळणाचे होते, तो एकटा जरा जाड आणि किंचित वर सरकलेला. पाच महिने तो कागद माझ्या खिशात होता. मग त्यांनी मागच्या दरवाजाजवळ बोटाच्या पेरांनी ठोकलं. पुढं पत्र्याचा आवाज आला, मागं आला तो भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. "आईला खाली उतरवा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. चलान केलं, मेमो दिला, आणि मागं माणूस बसवून एक किलोमीटरही जायचं नाही म्हणून बजावलं. घरच्यांना फाट्यावरून एसटीनं लातूर आणि तिथून तुळजापूरला पाठवलं. मी रिकामी गाडी घेऊन मानवतला परतलो. मागच्या सीटकडं आरशातून बघायची हिंमत होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी परभणीला एका जुन्या डेंटर मिस्त्रींकडं गाडी नेली. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढला. बॉनेटवर टक्कन चिकटला, पुढच्या दरवाजावर चिकटला. मागच्या खांबावर लावला की घसरून खाली. चार ठिकाणी लावला, चारही ठिकाणी घसरला. आत पत्रा होता, पण त्याच्यावर बोटभर पुट्टी. मग मॅट उचलली. मूळ केबिनची मागची भिंत गॅसनं कापलेली होती. कडा तशाच करवतीसारख्या, काळ्या, वर नुसता रंग मारलेला. तिथं भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा मागचा भाग आणून वेल्डिंग केला होता आणि तो खाली हौद्याच्या पत्र्यावर बसवला होता. वेल्डिंगही सलग नाही, टाके मारल्यासारखं. पाणी तिथूनच येत होतं. सीटबेल्टचा बोल्ट मिस्त्रींनी पान्यानं नुसता हलवला तर ज्या अँगलला तो होता तो अँगलच डुलला. माझी लेक त्या बाजूला बसायची.

मिस्त्रींनी समजावून सांगितलं ते असं. केबिनची मागची भिंत म्हणजे नुसता पडदा नव्हे, गाडी उलटली तर छप्पर तोलून धरणारा भाग तो. कंपनीची डबल केबिन चेसीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, ठरलेल्या ठिकाणी रबर घालून बसवलेली असते, खराब रस्त्यावर चेसी पिळवटली तरी केबिनवर ताण येत नाही. इथं अर्धी केबिन रबरावर आणि अर्धी हौद्यावर घट्ट. प्रत्येक खड्ड्याला तो जोड ओढला जाणार. मिस्त्रींच्या मते तो आणखी वर्षभरही टिकला नसता.

येताना जिनिंगच्या वजनकाट्यावर रिकामी गाडी घातली. आरटीओच्या नोंदीत रिकामं वजन १,६१५ किलो. काट्यावर भरलं १,८९०. जुनी गाडी घेणाऱ्यानं एवढं एक तरी करावं असं मला कळकळीनं वाटतं. आपल्याकडं गावोगावी जिनिंग आहेत, काटे आहेत. डिझेल आणि कॅरिअरचा थोडाफार फरक पडेल, पण पावणेतीनशे किलोचा पडत नाही. काचाही बघाव्यात. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याची खूण कोरलेली असते. माझ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या काचांवरच्या खुणा वेगवेगळ्या होत्या आणि पाच महिने मी त्या रोज फडक्यानं पुसत होतो.

फिटनेस कसं मिळालं, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस घ्यावं लागतं. गाडी तपासणीला गेली तेव्हा ती सिंगल केबिनच होती. केबिन नंतर, मधल्या काळात बसवली. म्हणजे फिटनेसचा कागद खरा, त्या कागदावरची गाडी खरी, आणि माझ्यासमोर उभी असलेली गाडी ती नव्हे. आणि बँकेचा बोजा? आरटीओतून माहिती काढली तर तो दोन वर्षांपूर्वीच उतरलेला. कार्ड बँकेत अडकलेलंच नव्हतं. माझ्या हातात खरं कार्ड पडू नये, एवढ्यासाठी ते कारण होतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ नोंदीत बदल होईल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय. कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक फेरफाराला ५ हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि ती शिक्षा गाडीच्या मालकाला आहे. गाडी माझ्या नावावर झाली असती तर तो मालक मी ठरलो असतो.

विम्याचं तर मला रात्रभर झोपू देत नव्हतं. मालवाहू गाडीचा विमा कागदावरच्या माणसांपुरता असतो. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस सोडून कुणी नुसतं बसून चाललं असेल, तर अपघातात त्याची भरपाई देणं विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. वकिलांनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांना परत विचारलं, म्हणजे माझी आई, माझी लेकरं? ते काही बोलले नाहीत. ज्यांच्याकडं कंपनीची खरी डबल केबिन आहे पण पिवळ्या पाटीची आहे, त्यांनीसुद्धा आजच पॉलिसी काढून किती माणसं आणि कोण माणसं धरलीत ते वाचावं. कमी असतील तर जादा प्रीमियम भरून काय करता येतं ते विमा कंपनीला लेखी विचारावं.

यार्डवाला आधी म्हणाला, "आम्हाला पण तशीच आली." मग म्हणाला, तुम्ही बघून घेतली. एजंटनं फोन उचलणं बंद केलं. पाव्हण्यानं मध्यस्थी करायला नको म्हटलं, त्याच्याशी बोलणं तुटलं, ते दुःख वेगळंच. पोलिसांत फसवणूक आणि खोट्या कागदाची तक्रार दिली. फसवणुकीचं जुनं चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ मध्ये आहे. शिवाय परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा टाकला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, संभाजीनगरला खेटे घालावे लागत नाहीत. धंद्याची गाडी म्हणून तक्रार चालणार नाही असं मला दोघांनी सांगितलं होतं, ते खरं नाही. स्वतःचं पोट भरण्यासाठी स्वतः धंदा करणाराही कायद्यानं ग्राहकच. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. माझी रक्कम कागदावर साडेतीन लाखच आहे. फी लागली नाही, पण रोख दिलेल्या १ लाख ९० हजारांबद्दल आयोगापुढं बोलायला माझ्याकडं काही नाही.

गाडी दुकानामागं ताडपत्रीखाली उभी आहे. केबिन कापून काढायची घाई करू नका, तो तुमचा पुरावा आहे, असं वकिलांनी सांगितलंय. परवानाधारक सर्व्हेअरकडून फोटोसकट अहवाल घेतलाय. मोटारी परत छोट्या हत्तीवर. पोरांना मात्र आता हौद्यात उभं राहू देत नाही, ती मोटरसायकलवर येतात.

पाथरीच्या शेतकऱ्याला मी जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक काढून दिला आणि सांगितलं, मागच्या खांबाला लाव, खाली मॅट उचल, आणि खरं कार्ड हातात घेतल्याशिवाय बयाण्याचा रुपया देऊ नको. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. चुंबक चिकटला नाही. मॅट उचलू दिली नाही. आणि कार्ड मागितलं तर, बँकेत आहे म्हणाले.