पोरांना गोष्ट ऐकवायची तर कीर्तन की माणभट्ट?
बडोद्यात राहून आम्ही कीर्तन आणि माणभट्ट (गुजरातीत आख्यान गाऊन सांगणारा) दोन्ही ऐकलंय म्हणून सांगते. नारदीय कीर्तनात बुवा उभे राहून आधी पूर्वरंगात निरूपण करतात, मग उत्तररंगात आख्यान, त्यामुळे आजी खूश पण माझी सात वर्षांची लेक निरूपणातच मांडीवर झोपते आणि खरी गोष्ट सुरू झाली की तिला उठवावं लागतं. माणभट्ट बसून सांगतो, समोर माण म्हणजे तांब्याचा मोठा घडा, बोटांत अंगठ्या, त्या घड्यावर टणटण वाजल्या की पोरं एकदम गप्प! आख्यानं बरीचशी १७व्या शतकातल्या प्रेमानंद या गुजराती कवीची, तोही बडोद्याचाच. गुजराती थोडं अडलं तरी ताल कळतोच. मोठ्यांना मात्र कीर्तनच, निरूपणाचा रस तिथेच मिळतो. लहानांना माणभट्टाकडे न्या, आणि अगदी पुढे बसवा, अंगठ्या दिसल्या पाहिजेत.