सिंक्रोमीटर: सहा महिने आणि एक पावसाळा

गाडी १९६७ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १७९८ सीसी, दोन कार्ब्युरेटर (एसयू कंपनीचे, एचएस४). दोघांनी हवा सारखी ओढली तरच इंजिन सुरात चालतं. मामांनी सांभाळली, त्यांच्यामागे माझ्या गळ्यात पडली. जूनमध्ये हवेचा प्रवाह मोजणारा डायलवाला सिंक्रोमीटर बाहेरून मागवला. ड्यूटी धरून दहा हजारांच्या घरात गेला. लालबागचे आमचे मेस्त्री हसले. ते रबरी नळीचं एक टोक कानात धरतात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. दोन्हीकडची फुसफुस सारखी लागली की हात पुसतात.

मीटर वापरायला सोपा आहे. इंजिन गरम करायचं, एअर फिल्टर काढायचे, मीटर तोंडाशी घट्ट दाबायचा आणि काटा वाचायचा. तरी पहिला रविवार मी वाया घालवला. दोन्ही थ्रॉटल (हवा कमीजास्त करणाऱ्या झडपा) जोडणाऱ्या दांड्यावरचे क्लँप सैल करायचे राहिले. मग एका बाजूचा स्लोचा (रेस न देता चालणाऱ्या इंजिनाच्या वेगाचा) स्क्रू फिरवला की दुसरीकडचा आकडाही हलायचा, आणि मी मीटरला शिव्या घालत होतो. दादरच्या आमच्या सोसायटीत सकाळी आठच्या आधी इंजिन सुरू केलं की वॉचमन येऊन उभा राहतो, त्यामुळे वेळही मोजकाच.

क्लँप सोडल्यावर खरे आकडे दिसले: पुढे चार, मागे साडेपाच. दोन्ही पावणेपाचवर आणून स्लो मिनिटाला ८०० फेऱ्यांवर बसवला. स्टिअरिंगची थरथर त्याच दिवशी निम्म्यावर आली. पण टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट), पॉइंट आणि टाइमिंग (ठिणगी आणि तिची वेळ) आधी ठीक असेल तरच याला अर्थ आहे, कार्ब्युरेटरला हात सगळ्यात शेवटी. माझे टॅपेट ढिले होते. ते ०.०१५ इंचाला आणले तेव्हाच अर्धं दुखणं गेलं होतं.

पैसे वसूल झाले ते ऑगस्टमध्ये. मागच्या कार्ब्युरेटरचा आकडा टिकेना. रेस देऊन सोडली की कधी पाच, कधी सहा. एकदा ऐकून ठरवणाऱ्या कानाला हे कळणं कठीण, मी मात्र दर रविवारी आकडे वहीत लिहीत होतो. थ्रॉटल ज्यावर फिरतो त्या दांडीपाशी, स्पिंडलपाशी, थोडा स्प्रे मारला तर इंजिनचा आवाजच बदलला. स्पिंडल झिजलेला, बाजूने हवा ओढत होता. म्हणजे इतके दिवस मी स्क्रू पिळत होतो ते त्या फटीची भरपाई करायला. लेथवर गनमेटलचे बुश बसवून घेतले, स्पिंडल नवा टाकला. तेव्हापासून काटा हललेला नाही.

मिक्श्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, मात्र हा मीटर सांगत नाही, आणि विकणारे ते ठळक अक्षरांत लिहीत नाहीत. त्यासाठी कार्ब्युरेटरखालची पिन दाबून त्याच्या आतला पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलायचा. इंजिन वाढून तसंच राहिलं तर पेट्रोल जास्त, बसायला लागलं तर कमी, क्षणभर वाढून जागेवर आलं तर बरोबर. माझं दोन्हीकडे बसत होतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या सेटिंगवर मिक्श्चर पातळ पडतं. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचे नट दोन-दोन पैलू खाली घेऊन पेट्रोल वाढवलं तेव्हा प्लग पांढरे पडायचे थांबून विटकरी झाले. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही तेव्हाच बदलल्या, त्या आतून चिकट झाल्या होत्या. डॅशपॉटमध्ये, म्हणजे त्या पिस्टनच्या वरच्या नळीत, २० नंबरचं तेल. ते संपलं की पिकअपला गाडी अडखळते, आणि आपण उगाच जेटशी खेळत बसतो.

नोव्हेंबरमध्ये जुन्या हायवेने खंडाळ्याचा घाट चढलो, तिसऱ्या गिअरला, एकदाही न फटफटता. उतरताना रेस सोडली की सायलेन्सरमध्ये अजून एखादा फटाका फुटतो. मेस्त्री म्हणतात गॅस्केट बघा.

एकच कार्ब्युरेटर असेल तर घेऊ नका. दोन असतील आणि स्पिंडल नवे असतील, तर मेस्त्रींची नळी पुरते. त्यांनी कानाने लावलेली गाडी मी मीटरने तपासली, फरक पाव आकड्याचा निघाला. गाडी जुनी आणि दर महिन्याला सूर बदलणारी असेल तर मात्र मीटर आणि वही दोन्ही ठेवा. तक्रारी दोन. पावसाळ्यात डायलच्या काचेला आतून वाफ धरली, ती दोन दिवस डब्यात तांदळात ठेवल्यावर गेली. आणि तोंडाला बसवायचं रबर पेट्रोलच्या वाफेने फुगलंय, कडेने हवा खातंय. कुर्ल्यात त्या मापाचं मिळालं नाही, आता ऑपेरा हाऊसला बघतो.