कॉलेज फुटबॉल २५: मॅचपेक्षा मेनूतच जास्त मजा

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या या व्हिडिओ गेमचा रिव्ह्यू उशिरा लिहितोय माहितीये, २६ पण येऊन गेला, पण मी २५ सेलमध्ये लागल्यावर घेतला आणि त्यातून अजून बाहेर पडलेलो नाही. बायको म्हणते अरे तू फुटबॉल खेळतोस कुठे, ऑफिसची एक्सेल शीट भरल्यासारखा तर बसलेला असतोस. खरंय तिचं. बऱ्याच मॅचेस मी सिम्युलेट करून टाकतो, माझा सगळा जीव डायनॅस्टी मोडमध्ये, म्हणजे एका कॉलेजची टीम वर्षानुवर्षं चालवायची त्यात. आणि आधीच सांगतो, मास्टर्स ओरेगन स्टेटमधून केलंय, त्यामुळे तिथल्या टीमच्या, म्हणजे बीव्हर्सच्या बाबतीत माझ्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा ठेवू नका.

गेम म्हणून झकास आहे. १३४ टीम्स, प्रत्येकीचं स्टेडियम, बँडचा आवाज, आणि समोरच्या टीमच्या घरी खेळताना गर्दी एवढी ओरडते की स्क्रीन हलायला लागते नि आपल्याच चाली (प्ले) आपल्याला नीट दिसत नाहीत. ग्राफिक्सवर मी जास्त बोलणार नाही, ते यूट्यूबवर बघा. फक्त पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स/एस वर चालतो, पीसीवाल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

आता कव्हर नीट बघा. नावात एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था, नाही. आधीचा गेम 'एनसीएए फुटबॉल १४', जुलै २०१३ चा, आणि मग थेट जुलै २०२४, म्हणजे अकरा वर्षं काहीच नाही. त्याचं कारण एड ओबॅनन. १९९५ साली यूसीएलए या कॉलेजला बास्केटबॉलचं विजेतेपद मिळवून देणारा हा माणूस, एकदा मित्राच्या घरी गेला तर मित्राचा मुलगा कॉलेज बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम खेळतोय आणि गेममध्ये हा स्वतः, तोच ३१ नंबर, तोच डावखुरा, फक्त नाव नाही. आणि पैसे तर नाहीतच. २००९ मध्ये केस टाकली. त्याच वर्षी सॅम केलर नावाच्या क्वार्टरबॅकनेही (फुटबॉल टीमचा पास टाकणारा मुख्य खेळाडू) टाकली. एनसीएएने लायसन्स काढून घेतलं, गेम बनवणाऱ्या ईए कंपनीने खेळाडूंशी सेटलमेंट केली, गेम बंद.

यातली तारखांची गंमत मला फार आवडते. ७ ऑगस्ट २०१४ ला एनसीएएच्या बोर्डाने पाच बड्या कॉन्फरन्सेसच्या (कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजेसचा गट) ६५ कॉलेजेसना ऑटोनॉमी दिली, म्हणजे काही नियम तुमचे तुम्ही करा, बाकीच्या शेकडो लहान कॉलेजेसना विचारत बसू नका. दिली म्हणजे काय, द्यावीच लागली, नाहीतर वेगळी चूल मांडायची भाषा सुरू झालीच होती. आणि दुसऱ्याच दिवशी, ८ ऑगस्टला, जज क्लॉडिया विल्केन यांनी ओबॅननच्या बाजूने निकाल दिला. एका बाजूने श्रीमंत कॉलेजेस ओढतायत, दुसऱ्या बाजूने खेळाडू, मधे एनसीएए. तिथून पुढे २०२१ चा सुप्रीम कोर्टाचा ऑल्स्टन केसमधला एनसीएएच्या विरोधातला ९-० निकाल, त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मोकळीक, मग कुठे हा गेम परत आला. खेळाडूला ६०० डॉलर आणि गेमची एक कॉपी. ६०० कमी आहेत असं माझं मत, पण ओबॅननला तेवढेही मिळाले नव्हते. गंमत म्हणजे यात खेळाडू खरे, पण कोच सगळे खोटे. खऱ्या जगात आधी बरोबर उलटं होतं ना, कोचला लाखो डॉलर आणि खेळाडू बिननावाचा.

बरं, डायनॅस्टीकडे येतो. त्यात कॉन्फरन्सेस आपल्याला हव्या तशा लावता येतात, आणि मी पहिलं काम काय केलं तर जुनी पॅक-१२, म्हणजे पश्चिमेकडच्या बारा कॉलेजेसची कॉन्फरन्स, माझं ओरेगन स्टेट त्यातलंच, परत जुळवली. यूएससी, यूसीएलए, ओरेगन, वॉशिंग्टन बिग टेनमधून उचलले, स्टॅनफर्ड आणि कॅल एसीसीमधून (पॅसिफिकच्या काठावरची कॉलेजेस 'अटलांटिक कोस्ट' कॉन्फरन्समध्ये, हसावं की रडावं), बाकी चार बिग ट्वेल्व्हमधून. पाच मिनिटं लागली. १९१५ पासूनची कॉन्फरन्स खऱ्या जगात टीव्हीच्या पैशापायी मोडली, २०२२ मध्ये लॉस एंजेलिसवाले दोघं निघाले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये एका दिवसात पाच गेले, शेवटी उरले ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. निघालेले लोक जाता जाता कॉन्फरन्सच्या बोर्डावर मत पण देऊ बघत होते! हे दोघं कोर्टात गेले आणि बोर्डाचा ताबा मिळवला. यात एनसीएए कुठे होती विचाराल तर कुठेच नाही, कारण फुटबॉलच्या टीव्हीवरचा तिचा ताबा सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्येच काढून घेतलाय, आणि वरच्या पातळीचा प्लेऑफसुद्धा ती चालवत नाही, तो कॉन्फरन्सेसचा कारभार.

मला खटकलेली एकच गोष्ट. डायनॅस्टीत पोरं मिळवताना दर आठवड्याला ठरावीक तास मिळतात, ते कोणावर खर्च करायचे ते आपण ठरवायचं, पोराला घर जवळ हवं का लवकर खेळायला हवं का टीव्हीवर दिसायचंय ते बघायचं, हे सगळं मस्त जमलंय. पण पैसे द्यायचं बटणच नाही. आणि खरं जग बघा, जून २०२५ मध्ये त्याच विल्केन बाईंनी जी सेटलमेंट मंजूर केली त्यानुसार कॉलेज स्वतःच खेळाडूंना पैसे वाटू शकतं, पहिल्या वर्षी (२०२५-२६) सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत, आणि त्यावर नजर ठेवायला एनसीएए नाही तर बड्या कॉन्फरन्सेसनी काढलेलं वेगळंच कमिशन. हे गेममध्ये असतं तर माझ्या बीव्हर्सचं काय झालं असतं ते न बोललेलंच बरं.

पाचपैकी चार स्टार. माझा चौथा सीझन चालू आहे, पॅक-१२ जिंकली, प्लेऑफला पोचलो, आणि परवा माझा क्वार्टरबॅक ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू बघणाऱ्यांच्या यादीत) गेला. तीन वर्षं घडवला होता त्याला. कुठे गेला असेल? आमच्या पक्क्या वैऱ्यांकडे, ओरेगनला.