बेळगावच्या गच्चीवर यारो : तेरा महिने वापरल्यानंतर

यारो ही पांढऱ्या फुलांची औषधी वनस्पती बेळगाव जिल्ह्यात रानात उगवत नाही. हे सगळ्यात आधी लिहितेय, कारण गेल्या तेरा महिन्यांत मला सगळ्यांत जास्त वेळा याबद्दलच विचारलं गेलंय. "जांबोटीच्या वाटेवर मिळतं म्हणे", "आमच्या येळ्ळूरच्या बांधावर ढीगभर आहे" असं सांगत तिघींनी मला मोबाईलवर फोटो दाखवले. तिन्ही फोटो गाजर गवताचे होते.

चूक होण्यासारखीच आहे. दोन्हींची पानं चिरलेली, दोन्हींना शेंड्यावर बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके. माझी रोपं वीतभर झाली तेव्हा शेजारच्या अक्का गच्चीवर कपडे वाळत घालायला आल्या आणि कुंडीपाशी थबकल्या. "अय्यो, इदु काँग्रेस कसा अल्लेनरी? (हे काँग्रेस कसा, म्हणजे गाजर गवतच ना?) कुंडीत कशाला लावलंय?" मी एक पान तोडून त्यांच्या हातात दिलं. यारोचं पान बोटभर रुंद आणि चांगलं लांब असतं, पिसासारखं. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना इतक्या बारीक चिरा, की हातात घेतल्यावर पान नाही, लोकरीचा धागा धरल्यासारखं वाटतं. गाजर गवताचं पान याहून रुंद, त्याचे भाग ठळक, गाजराच्या किंवा शेवंतीच्या पानासारखे. फुलं तर आणखी फसवतात, कारण दोघांच्याही एकेका बारीक फुलाला कडेला बहुतेक पाचच पाकळ्या. यारोच्या त्या पाकळ्या डोळ्यांना स्पष्ट दिसतात, गाजर गवताच्या इतक्या आखूड की फूल पांढऱ्या मण्यासारखं दिसतं. खात्रीची खूण वासाची. यारोचं पान चुरडलं की शेवंतीच्या पानाचा वास येतो आणि त्यात थोडा कापूर मिसळल्यासारखा वाटतो.

भारतात हे झाड हिमालयातलं. काश्मीरपासून कुमाऊँपर्यंत हजार ते साडेतीन हजार मीटर उंचीवर ते आपोआप वाढतं. युनानी वैद्यकात त्याला बिरंजासिफ म्हणतात. होमिओपॅथीच्या दुकानात 'मिलेफोलियम' लिहिलेली बाटली असते, तीही याचीच. शास्त्रीय नाव अकिलिया मिलेफोलियम. ग्रीक कथेतल्या अकिलीसने ट्रॉयच्या लढाईत सैनिकांच्या जखमांवर हा पाला लावला, म्हणून अकिलिया. मिलेफोलियम म्हणजे हजार पानांचं, आणि पान हातात घेतलं की हे नाव लगेच पटतं.

मी याच्या नादाला लागले ती जखमांमुळेच. नवऱ्याचं उद्यमबागेत छोटं लेथचं वर्कशॉप आहे. लोखंडाच्या बारीक चुऱ्याने आणि पत्र्याच्या कडेने बोटं कापणं हे तिथे आठवड्याला ठरलेलं. दुसरं कारण माझी सतरा वर्षांची मुलगी. पाळीच्या पहिल्या दिवशी ती पोट धरून बसते. या दोन्हींसाठी युरोपात यारो पूर्वापार वापरतात असं वाचलं आणि बी मागवलं.

पहिल्याच पाकिटात फसले. ऑनलाइन १४० रुपयांना घेतलं, फोटोवर पांढरी फुलं होती, आतून निघालं रंगीत बागेचं मिश्रण. उगवलेल्या रोपांची पानं रुंद आणि वास नावाला. विचारलं तर विक्रेत्याचं उत्तर आलं, "दोन्ही यारोच आहेत." बागेसाठी तयार केलेल्या गुलाबी-लाल जाती औषधी म्हणून विकत घेऊ नका. पाकिटावर शास्त्रीय नाव पूर्ण लिहिलेलं हवं आणि फूल पांढरं हवं. दुसऱ्या ठिकाणाहून मागवलेलं बी बरोबर निघालं.

बी धुळीसारखं बारीक असतं. मी पहिल्यांदा सवयीने मातीखाली दाबलं, तर एकही उगवलं नाही. याला उजेड लागतो. ओल्या मातीवर नुसतं शिंपडून हलक्या हाताने दाबलं, तेव्हा बाराव्या दिवशी हिरवी टोकं दिसली. ऑक्टोबरात पेरलं हे बरं झालं. आपल्याकडची थंडी याला मानवते आणि जानेवारीपर्यंत पाच कुंड्या भरून पाला झाला. खत जवळजवळ घातलंच नाही. जास्त खाऊ घातलं की पान पिचपिचीत होतं आणि वास उतरतो.

खरी परीक्षा पावसाने घेतली. बेळगावचा जुलै म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. पाचांतल्या दोन कुंड्या आठ दिवसांत मुळापासून कुजल्या, ओढलं तर रोप हातात आलं. उरलेल्या तीन पत्र्याखाली हलवल्या, माती काढली आणि तिच्यात निम्मा वाळू आणि जांभ्या दगडाचा बारीक चुरा मिसळला. त्या तगल्या. खानापूर-कणकुंबीकडच्या लोकांनी पावसाळ्यात झाड उघड्यावर ठेवायचा विचारसुद्धा करू नये. निपाणी-चिकोडीकडे पाऊस कमी, तिथे याला सोपं जाईल असं मला वाटतं. फुलांची मात्र फार आशा धरू नका. मे महिन्यात एकाच कुंडीला चार तुरे आले, बाकी सगळा पालाच. त्यामुळे माझा पुढचा सगळा अनुभव मुख्यतः पानांचा आहे.

वाळवणं हे सगळ्यात नाजूक काम निघालं. श्रावणात वाळवायला टाकलेला पाला तिसऱ्या दिवशी काळा पडून बुरसला, सगळा फेकला. डिसेंबर-जानेवारीत मात्र माडीवर, उन्हात नको, सावलीतच, सुती कापडावर पसरला की पाच-सहा दिवसांत चुरचुरीत होतो. काट्यावर मोजलं, १०० ग्रॅम ओला पाला वाळून २१ ग्रॅम झाला. काचेच्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात ठेवलेला अजून वास धरून आहे.

आता जखमांबद्दल. सुरुवातीला ताजी पानं चुरडून सरळ कापल्या जागी दाबायचो. रक्त थांबायचं आणि आम्हाला मोठं नवल वाटायचं. मग एकदा पानाच्या बेचक्यात मातीचा कण दिसला. त्या दिवसापासून कुंडीतला पाला उघड्या जखमेवर लावणं बंद केलं. आता चार ग्रॅम वाळका पाला पाव लिटर उकळत्या पाण्यात झाकून ठेवते, गार झाल्यावर गाळते आणि स्वच्छ गॉजची घडी त्यात भिजवून आधी धुतलेल्या जखमेवर ठेवते. आणि एक गोष्ट मी मुद्दाम करून पाहिली. नवऱ्याची दोन बोटं सारखीच खरचटली होती. एकावर यारोची घडी ठेवली, दुसरं नुसतं स्वच्छ कापडाने दाबून धरलं. रक्त थांबायला दोघांना जवळपास तेवढाच वेळ लागला. दाबणं हाच मोठा उपाय आहे. फरक जाणवला तो नंतर, यारोच्या बोटाची चुणचुण आणि लाली लवकर कमी झाली. एका घरातला हा एक प्रयोग आहे, त्यावर फार मोठं घर बांधता येणार नाही, पण आम्ही घडी ठेवणं चालू ठेवलंय. लोखंडाने खोल कापलं असेल तर मात्र घडी वगैरे काही नाही, सरळ दवाखाना आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. वर्कशॉपमधल्या पोरांना मी हे दर वेळी सांगते.

पोटासाठी याचा काढा मला जखमेपेक्षा जास्त उपयोगी पडला. चमचाभर वाळका पाला, साधारण दोन ग्रॅम, एक कप उकळत्या पाण्यात दहा मिनिटं. वर झाकण हवंच, कारण वासाचं तेल वाफेबरोबर उडून जातं. चव कडू, पण काडेचिराइतासारखी अंगावर येणारी नाही. जिभेच्या मागे थोडी तुरट राहते. लग्नसराईत जेवणावर जेवणं झाली की मला पोटात वारा धरतो. त्या दिवसांत दुपारी एक कप घेतला की तासाभरात हलकं वाटायचं. ओव्याइतकं झटपट नाही, पण ओव्याने मला जळजळ होते, याने झाली नाही. आणि भूक सणकून लागते.

मुलीचं सांगायचं तर पहिले दोन महिने तिला बरं वाटलं, तिसऱ्या महिन्यात काहीच फरक पडला नाही आणि गोळी घ्यावी लागली. त्यानंतर कधी उपयोग होतो, कधी नाही. गरम पाण्याची पिशवी सोबत असतेच, त्यामुळे श्रेय कोणाचं ते ठरवणं अवघड आहे. युरोपच्या औषध नियामक संस्थेने यारोला भूक न लागणं, पोटातला वारा, पाळीतला सौम्य पोटदुखीचा त्रास आणि वरवरच्या लहान जखमा यांसाठी 'परंपरागत वापर' म्हणून मान्यता दिली आहे. तिचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. अनेक वर्षं लोक हे वापरत आले, म्हणून ही मान्यता. मोठ्या चाचण्यांनी गुण सिद्ध झाला म्हणून नव्हे. बारा वर्षांखालच्या मुलांना ते पाजू नये आणि गरोदरपणात, अंगावर पाजताना टाळावं, असंही तिथे आहे. माझ्या सासूबाईंना हृदयाच्या ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. त्यांनी कप पुढे केला होता, मी दिला नाही. डॉक्टरांना विचारलं तेव्हा तेही नकोच म्हणाले.

यानंतरची गोष्ट लिहिताना मला अजून वाईट वाटतं. माझ्या सासऱ्यांना, त्यांना आम्ही मामा म्हणतो, गाजर गवताचा जुना त्रास आहे. येळ्ळूर रस्त्याला आमचं भाताचं शेत आहे. बांधावरचं गवत उपटून उपटून त्यांच्या मानेवर, कोपरात, पापण्यांवर वर्षानुवर्षं खाजरी, जाड झालेली कातडी आहे. हे मला माहीत होतं, तरी फेब्रुवारीत मी त्यांना म्हटलं, "मामा, बसल्या बसल्या एवढा पाला तोडून देता काय?" ते आनंदाने बसले. संध्याकाळी म्हणाले, "अगं, हाताला लई खाज सुटूलीय." दुसऱ्या दिवशी दोन्ही मनगटं लालभडक, बारीक पाण्याचे फोड, आणि डोळे सुजून मिटलेले. त्वचारोगतज्ज्ञांनी कुंडीतलं पान मागवून पाहिलं आणि विचारलं, "शेवंतीच्या माळा करताना यांना त्रास होतो का?" होतो. दसऱ्याला मामा झेंडू-शेवंतीला हात लावत नाहीत, हे आम्हाला इतकी वर्षं नुसती सवय वाटत होती. गाजर गवत, शेवंती, झेंडू, सूर्यफूल आणि यारो, सगळी एकाच कुळातली. यांच्यात एका जातीची कडू रसायनं असतात. गाजर गवतातलं पार्थेनिन हे त्यांतलंच. ज्याची कातडी एकाला चिडते, ती दुसऱ्यालाही चिडू शकते. मामा तीन आठवडे मलम आणि गोळ्यांवर होते.

आपल्या भागात हे फार महत्त्वाचं आहे. १९५० च्या दशकात पुण्याकडे नजरेत आलेलं हे गवत आता बेळगाव, हुक्केरी, चिकोडी सगळीकडे रस्त्याकडेला, पडीक रानात माजलंय आणि त्याची अ‍ॅलर्जी असलेली माणसं घरोघरी आहेत. यारोवर लिहिणारे परदेशी लोक 'डेझीच्या कुळाची अ‍ॅलर्जी असेल तर जपा' एवढं एका ओळीत सांगतात. आपल्याकडे डेझी कुणाला माहीत? गाजर गवत म्हटलं की लगेच कळतं.

जखमेवर लावायची एकदांडी तर सगळ्यांना माहीत असते. कोणी दगडी पाला म्हणतं, कोणी कंबरमोडी. लहानपणी गुडघा फुटला की आजी हिचाच पाला चोळून रस पिळायची. तीही याच कुळातली, पण इथे आपोआप उगवते, पावसात कुजत नाही, पाकीट मागवावं लागत नाही. नुसत्या खरचटण्यासाठी म्हणून कोणी यारो लावणार असेल तर मी म्हणेन, एवढा खटाटोप करू नका. पोटाचा काढा हवा असेल, झाडाची आवड असेल आणि घरात अ‍ॅलर्जीवालं कोणी नसेल तर एक कुंडी जरूर लावा. मुलीला मी सांगितलं, की स्पेनमधल्या एल सिद्रोन गुहेत सापडलेल्या निअँडरथल माणसाच्या दातांवरच्या किटणात यारो आणि कॅमोमाइल या दुसऱ्या औषधी झाडाच्या खुणा मिळाल्या, २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. जवळपास पन्नास हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हाच कडू पाला चघळला होता. तिने त्या दिवशी काढा तोंड वाकडं न करता प्यायला.

कुत्रं-मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा, त्यांना हे खाल्लेलं बाधतं.

सध्या माझ्याकडे तीन कुंड्या आहेत, मामांची खुर्ची असते त्याच्या अगदी उलट टोकाला, पाण्याच्या टाकीमागे. पाला मी एकटीच तोडते, हातमोजे घालून, आणि हात धुतल्याशिवाय खाली येत नाही. गेल्या आठवड्यात एका कुंडीतला गड्डा फोडून चार रोपं वेगळी केली. अक्कांना एक हवं होतं. त्यांना आधी विचारलं, घरात कुणाला काँग्रेस कसाने खाज येते का? त्यांच्या धाकट्या मुलाला येते म्हणाल्या. त्यांचं रोप अजून माझ्याच गच्चीवर आहे, काढा लागला की वाळका पाला मी बरणीतून देते.